घाम तुमचा, सायकल सगळ्यांची

सायकलवरून उतरलात आणि थेट पाण्याच्या बाटलीकडे निघालात? थांबा. मागे वळा आणि सीटकडे बघा. हँडलच्या मधल्या सांध्यात पाणी साचलंय, रेझिस्टन्सच्या नॉबवरून ओघळ खाली फ्लायव्हीलपर्यंत गेलाय, खालची रबरी मॅट ओली झाली आहे. ते सगळं तुमच्या अंगातलं आहे. पंचेचाळीस मिनिटं तुम्ही मान खाली घालून पेडल मारलंत, मी बघत होते, चांगलं मारलंत. पण व्यायाम अजून संपलेला नाही. नॅपकिन काढा, सायकल पुसा, मग पाणी प्या.

"मावशी पुसतात ना" हे मला पुन्हा ऐकायचं नाही. जिम साडेपाचला उघडते, मावशी आठला येतात. मधल्या वेळात या एका सायकलवर तिघं-चौघं बसून जातात आणि प्रत्येक जण आधीच्याच्या ओलाव्यावर बसतो. मावशींच्या हातात एक बादली आणि एक फडकं. त्यांनी लादी पुसायची, आरसे पुसायचे, बाथरूम धुवायचं, आणि वर धडधाकट माणसांच्या अंगाचा घामही पुसायचा? तुमचे हात मोडलेत का? आत्ताच या हातांनी तुम्ही वीस-वीस किलोचे डंबेल उचललेत.

"फी भरतो आम्ही." भरता, मान्य. अंधेरीत, बोरिवलीत बऱ्या जिमची वर्षाची फी किती असते हे मलाही ठाऊक आहे. त्या फीमध्ये सायकल वापरायला मिळते. ती ओली करून दुसऱ्याच्या गळ्यात टाकायचा हक्क कोणत्याच पावतीवर लिहिलेला नाही. तुमच्यानंतर बसणाऱ्यानंही तेवढीच फी भरली आहे.

"लोकल चुकेल." नाही चुकणार. सायकल पुसायला मिनिट, फार तर दीड मिनिट लागतं. आरशासमोर दंड फुगवून फोटो काढायला तुम्ही याच्या तिप्पट वेळ घेता, हे मी रोज बघते. त्यातलं एक मिनिट इकडे द्या.

तुमच्यातली काही मुलं मुलुंडच्या शाळेत माझ्या हाताखालून गेली आहेत. आठवा, पीटीचा तास संपल्याची घंटा झाली तरी मी कुणाला वर्गात सोडत नसे. आधी गाद्या झटकून आत, दोरीउड्यांच्या दोऱ्या गुंडाळून खुंटीला, आणि लेझीम? एकेक लेझीम कोरड्या फडक्यानं पुसून, साखळीला तेलाचं बोट लावून पेटीत. पावसाळ्यात एक जरी लेझीम ओली आत गेली तरी पंधरा ऑगस्टच्या तालमीला तिच्या चकत्या वाजायच्या नाहीत, घासायच्या. पाचवीतल्या पोरांना हे कळत होतं. त्यांना तेव्हा फोडून सांगावं लागलं नाही की जे हातात घेतलं ते नीट करून ठेवायचं. तीच पोरं आज पस्तिशीची झाली, बँकेत मॅनेजर झाली, आणि आपल्या घामाला हात लावायला लाजतात. मला याचा राग येतो आणि वाईटही वाटतं.

आता हा घाम जातो कुठे ते ऐका. तुम्हाला वाटतं तो वाळून जातो. वाळतं ते पाणी, मीठ मागे राहतं. रस्त्यावर सायकल चालवताना समोरून वारा लागतो, घाम अंगावरच सुकतो. इथे सायकल जागची हलत नाही, म्हणून घाम टपकतो. जोरात पेडल मारणाऱ्या माणसाला बंद खोलीत तासाला लिटरभर घाम सहज येतो, आणि लिटरभर घामात साधारण दोन-तीन ग्रॅम मीठ असतं. हिशेब करा. समजा प्रत्येकाचा पाव लिटर घाम सायकलवर पडला आणि दिवसाला आठ माणसं बसली. म्हणजे दोन लिटर घाम, कमीत कमी चार ग्रॅम मीठ, रोज. वर्षाचे तीनशे दिवस धरले तरी किलोभराहून जास्त मीठ तुम्ही एका सायकलच्या लोखंडावर ओतता. किराणा दुकानातून एक किलोची मिठाची पिशवी आणा आणि हँडलवर रिकामी करा असं सांगितलं तर कराल? वर्षभर थोडं थोडं करून तुम्ही तेच करता.

आणि ते मुंबईत करता. साधं मीठ हवेतली आर्द्रता पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच ओलं होतं. जुलैत घरातल्या मिठाच्या बरणीला पाणी का सुटतं, तर याच कारणानं. सांताक्रूझच्या वेधशाळेत जुलै-ऑगस्टची आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते. म्हणजे जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत एसी बंद झाला की तुमच्या सायकलवरचं मीठ वाळतच नाही. गंजाला पाणी लागतं, हवा लागते, आणि मीठ त्याचा वेग वाढवतं. तिन्ही गोष्टी तुम्ही त्याला रोज पुरवता. ही स्पिन बाइक मुळात अमेरिकेत कॅलिफोर्नियात घडली, जॉनी गोल्डबर्ग नावाच्या सायकलपटूनं नव्वदच्या दशकात ती जगभर पोचवली. तिथे मुंबईसारखा दमट पावसाळा नाही. यंत्र तिथून आणलंत, तर इथल्या हवेची काळजी तुम्हालाच दुप्पट घ्यायला हवी.

रात्रीची गोष्ट तर कुणाच्या लक्षातच येत नाही. दिवसभर एसी चालतो, हॉल बावीस-तेवीसवर गार होतो, आणि फ्लायव्हीलचा तो पंधरा-वीस किलोचा लोखंडी तुकडाही तितकाच गार होतो. दहा वाजता तुम्ही एसी बंद करता आणि हवा खेळू दे म्हणून खिडक्या उघडता. बाहेरची पावसाळी हवा दमट. ती गार लोखंडाला लागली की त्यावर दव धरतं. सकाळी सायकल पुसलेली असली तरी ओली का लागते, असं मला परवा एकानं विचारलं. यामुळे. रात्री एसी बंद केल्यावर खिडक्या मिटून पंखे तासभर चालू ठेवा, सायकली कोरड्या फडक्यानं पुन्हा एकदा पुसा. विजेचं बिल वाढेल, मला मान्य आहे. नवीन सायकलचं बिल त्याहून मोठं असतं. आणि घामानं लागलेला गंज वॉरंटीत येत नाही असं अनेक कंपन्या आपल्या कागदावर लिहूनच देतात. तो कागद तुमच्यापैकी किती मालकांनी वाचलाय?

कातडीचंही बोलायला हवं, कारण नायट्याची लाज वाटते म्हणून कुणी बोलत नाही. गेली काही वर्षं आपल्या देशात नायट्याचा जो हट्टी प्रकार पसरलाय, त्या बुरशीला २०२० साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए असं नाव मिळालं. नेहमीच्या गोळ्यांना ती पुष्कळदा दाद देत नाही. ती मुख्यतः अंगाला अंग लागून आणि एकमेकांचे कपडे, टॉवेल वापरून पसरते. पण त्वचेचे कण ओल्या जागी पडून राहिले की त्यातली बुरशी बराच काळ तग धरते, आणि घामट सीटवर मांड्या घासत तासभर बसणाऱ्याला ती जागा काही निर्धोक नाही. तेव्हा ज्यांच्या मांडीला चट्टे आहेत त्यांनी आधी त्वचेच्या डॉक्टरकडे जा. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनानं स्टेरॉइडचं मलम आणून चोळू नका. तात्पुरती खाज थांबते आणि नायटा आणखी पसरतो. बरे होईपर्यंत लांब पँट घाला, स्वतःचा टॉवेल सीटवर टाका आणि तो टॉवेल कुणाला देऊ नका, मित्रालाही नाही. फाटलेल्या सीटवर टेप चिकटवणाऱ्यांनी हेही समजून घ्या की रेक्झीन फाटलं की आतला फोम घाम पितो. तो वरून कितीही पुसा, आतून कोरडा होत नाही. सीट बदला.

पुसायचं कसं, हेही शिकवावं लागतंय, तर शिका. बाटली उचलून सायकलवर फवारे मारायचे आणि नॅपकिन एकदा फिरवून निघायचं, याला पुसणं म्हणत नाहीत. फवारा फडक्यावर मारा, सायकलवर नाही. स्क्रीनच्या फटीत, बेअरिंगच्या तोंडाशी पाणी गेलं की यंत्र आतून कुजतं. वरून खाली या: आधी हँडल, त्याची खालची बाजू, मग नॉब, मग हँडल पुढेमागे करायची सरकपट्टी, सीट, सीटचा दांडा, फ्रेमचा मधला नळ, शेवटी पेडल. फडक्याची पेडलला लागलेली बाजू पुन्हा हँडलला लागता कामा नये. जंतुनाशक वापरत असाल तर बाटलीवर लिहिलेली मिनिटं ती जागा ओली राहू द्या, मग कोरडी करा. लगेच पुसलं तर जंतू मरत नाहीत, नुसता वास सुटतो. आधी घाम पुसा, मग जंतुनाशक लावा. घाणीवरच औषध मारलं तर ते घाणीतच संपतं.

काचा पुसायचं निळं पाणी, फिनेल, ब्लीच यांतलं काहीही या सायकलींना लावायचं नाही. ब्लीचमुळे लोखंड आणखी लवकर गंजतं. निळ्या पाण्यानं प्लॅस्टिक आणि सीटचं आवरण तडकतं. साबणाचे दोन थेंब टाकलेलं कोमट पाणी, नीट पिळलेलं मऊ फडकं आणि त्यामागून एक कोरडं फडकं, रोजच्याला एवढं पुरतं. आणि ज्या फडक्यानं बाथरूमची लादी पुसली तेच फडकं हँडलवर फिरताना मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यात मावशींचा दोष नाही. मालकानं फडकी आणून दिली नाहीत, वेगवेगळ्या रंगाची दिली नाहीत, हा दोष त्याचा.

पावसात आलेल्या बुटांनी पेडलवर चढणाऱ्यांनो, बाहेरचे बूट दारात काढा. एलबीएस रोडचा चिखल पेडलच्या बेअरिंगमध्ये गेला की महिन्याभरात पेडल करकरतं. आतल्या बुटांची एक जोडी पिशवीत ठेवायला काय होतं?

आता ट्रेनर मंडळी, पुढे या. तुमच्याशी मला जास्त बोलायचंय, कारण मेंबरची चूक आळसाची आहे आणि तुमची चूक कुणाचा तरी पाय मोडू शकते.

मागच्या पावसाळ्यात घाटकोपरच्या एका जिममध्ये माझ्यासमोर एका मुलीचं डावं पेडल क्रँकमधून निखळून पडलं. ती उभी राहून मारत होती. चाक थांबलं नाही, कारण या सायकलींपैकी बहुतेकींचं चाक मोकळं फिरत नाही. तुम्ही थांबलात तरी ते जड चाक पेडल फिरवत राहतं. तिचा एक पाय अधांतरी आणि दुसऱ्या पायाला चाक ओढतंय. नडगी सोलली, गुडघा फ्रेमवर आदळला. नशीब, हाड वाचलं. मी ट्रेनरला विचारलं, तर म्हणाला, "बाई, ते पेडल कित्येक दिवस टकटक करत होतं." कित्येक दिवस! तुला ऐकू येत होतं, तिला ऐकू येत होतं, सगळ्या बॅचला ऐकू येत होतं, आणि एकानंही ती सायकल बाजूला ओढली नाही. वर तू संगीत मोठं केलंस.

टकटक म्हणजे पेडल ढिलं झालंय. ढिल्या पेडलवर वजन पडलं की ते क्रँकमधले आटे खातं, आणि आटे गेले की पेडल कितीही आवळा, बसत नाही. मग अख्खा क्रँक बदलावा लागतो. हे सगळं टाळायला १५ नंबरचा पाना आणि अर्धं मिनिट लागतं. उजवं पेडल घड्याळाच्या दिशेनं आवळलं जातं, डावं उलट्या दिशेनं, कारण डाव्याचे आटे उलटे असतात. हे तुमच्यापैकी दोघांनाच माहीत होतं, मी मघाशी विचारलं तेव्हा. बाकीच्यांनी आजवर डावं पेडल आवळतो म्हणून ढिलं केलंय, हे तुमच्या लक्षात येतंय का? प्रमाणपत्र भिंतीवर लावलंय. त्यात स्नायूंची नावं आहेत. ज्या यंत्रावर माणसाला बसवता त्याचे आटे कुठल्या दिशेला आहेत हे माहीत नसेल तर त्याला बसवू नका.

चाक मोकळं नाही म्हणूनच थांबायची जागा प्रत्येक नव्या मेंबरला पहिल्या दिवशी, पेडल मारायच्या आधी दाखवायची: नॉब खाली दाबला की चाक अडतं. किती जण दाखवता? आणि दाबल्यावर ते खरंच अडतं का, हे किती जण तपासता? ब्रेकचा फेल्टचा पॅड झिजून पातळ झाला की नॉब दाबूनही चाक फिरत राहतं. त्या पॅडवर कंपनीनं सांगितलेलं सिलिकॉन सोडून दुसरं काही घालायचं नाही. आवाज येतो म्हणून गंज सोडवायचं तेल मारणारा एक जण मला भेटलाय. त्यानं ब्रेकवरच तेल ओतलं! तसलं तेल अडकलेला नट सोडवायला असतं. साखळीचं वंगण म्हणूनही ते चालत नाही. तुमच्या सायकली पट्ट्याच्या आहेत की साखळीच्या, हे तरी एकदा कव्हर उघडून बघा. बॅच संपली की नॉब पूर्ण सैल करून ठेवा. पॅड रात्रभर चाकावर दाबलेला राहिला तर त्यातला घाम त्याच जागी चाक खातो.

सीटची खीळ. हँडल पुसलेलं दिसतं म्हणून तुम्ही समाधानी असता. पण घाम सीटच्या दांड्यावरून नळाच्या आत उतरतो आणि तिथे कुणाचं फडकं पोचत नाही. आतून गंज धरला की खिळीची स्प्रिंग अडते. खीळ भोकात अर्धीच बसते आणि वरून बसल्यासारखी वाटते. मग ऐंशी किलोचा माणूस जोरात बसला की सीट एकदम खाली. कंबर, मणका, काय काय दुखावेल ते तुम्हीच अभ्यासक्रमात शिकलात. म्हणून आठवड्यातून एकदा सीटचा दांडा आणि हँडलचा दांडा पूर्ण बाहेर काढायचे. पूर्ण. पुसायचे, नळाच्या आत काठीला फडकं गुंडाळून फिरवायचं, वाळू द्यायचं, सिलिकॉनचा पातळ हात द्यायचा, परत बसवायचे. तेव्हाच पेडल, पायाचे पट्टे, सीटखालचा नट आणि जमिनीवरचे चार पाय बघायचे. सायकल डुलत असेल तर पाय फिरवून समतल करा, खाली पुठ्ठा सारू नका. महिन्यातून एकदा क्रँक धरून आडवा हलवा. खेळ जाणवला तर मेकॅनिकला त्याच दिवशी बोलवा. पायाचा चिरलेला पट्टा त्याच दिवशी बदला. मिनिटाला शंभर फेऱ्यांच्या वेगानं पेडल फिरत असताना पट्टा तुटला तर पाय निसटतो आणि तेच पेडल फिरून नडगीवर येतं.

हे सगळं एका वहीत लिहायचं. सायकलचा नंबर, तारीख, काय पाहिलं, काय केलं, सही. मोबाइलवरच्या ग्रुपवर "चार नंबर आवाज करतेय" असं टाकलं की तुमचं कर्तव्य संपतं असं समजू नका. तो निरोप शुभ सकाळच्या फुलांखाली गाडला जातो आणि चार नंबरवर कुणीतरी बसतं.

आपल्याकडे यंत्रं नव्हती तेव्हाही ही शिस्त होती. तालमीतली लाल माती पैलवान स्वतः खणायचे, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरवायचे. माती खणणं हीच त्यांची पहिली मेहनत असायची. त्यासाठी कुणी गडी ठेवत नव्हतं. मल्लखांबाला एरंडेल चोळतात, हाताचा घाम लागला की खांब पुसतात, कारण निसटला तर माणूस डोक्यावर पडतो. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरातले उदय देशपांडे यांना २०२४ साली मल्लखांबासाठी पद्मश्री मिळाली तेव्हा तुम्ही सगळ्यांनी अभिमानानं स्टेटस ठेवले. त्या खांबाला जे तेल लागतं, ते लावणारे हातही असतात. तो अभिमान तुमच्या हातापर्यंत का पोचत नाही?

आणि दसऱ्याचं बोलते. दसऱ्याला तुम्ही सायकलींना झेंडू बांधता, हळदकुंकू लावता, नारळ फोडता. करा, मलाही आवडतं. पण गेल्या दसऱ्याला गंजलेल्या दांड्यावर हळद लावताना तुमचा हात अडखळला नाही? २०२० आठवा, कोरोनाच्या साथीचं वर्ष. ऑगस्टमध्ये केंद्रानं जिम उघडायला परवानगी दिली होती, महाराष्ट्रात मात्र दसऱ्यापर्यंत, २५ ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं. मार्चपासून शटर खाली. कर्जाचे हप्ते, भाडं, ट्रेनर मुलं गावी गेलेली. त्या दिवशी शटर वर गेलं तेव्हा या जिमचे मालक रडले होते, मी इथेच होते. आणि मग प्रत्येक सायकलशेजारी बाटली आली, फडकं आलं, प्रत्येक मेंबर बसायच्या आधी पुसत होता आणि उतरल्यावर पुसत होता. कुणाची लोकल चुकली नाही. कुणी फीचं नाव काढलं नाही. म्हणजे तुम्हाला जमतं. जिवाची भीती होती तोवर जमत होतं, भीती गेली तशी बाटल्या रिकाम्या झाल्या आणि कुणी भरल्या नाहीत. दुसऱ्या माणसाची काळजी करायला तुम्हाला दर वेळी साथच लागणार आहे का?

मालकांनो, तुम्हीही ऐका. नवीन ट्रेडमिल आणलीत, बाहेर मोठा फलक लावलात, आणि स्पिन बाइकच्या खोलीत तीन सायकलींवर "बंद आहे" ची चिठ्ठी. चिठ्ठीचा कागद पिवळा पडलाय. दोन पेडल, एक पट्टा, एक सीट, एवढ्या किरकोळ सुट्या भागांचा डबा कपाटात ठेवला असता तर तिन्ही सायकली त्याच संध्याकाळी चालू झाल्या असत्या. वर्षाचा देखभालीचा करार केलाय म्हणता. त्या करारातला माणूस शेवटचा कधी आला आणि त्यानं कव्हर उघडलं का, हे वहीत दाखवा मला. फडकी धुवायला रोज मशीन लावा. ओली फडकी ढिगानं कोपऱ्यात पडली तर तीच घाण तुम्ही सायकलवर पसरवता. आणि मावशींना हातमोजे द्या, पगार वेळेवर द्या. त्यांच्या जिवावर तुमची जिम चमकते.

याहून वाईट अवस्था आमच्या सोसायट्यांमधल्या जिमची. मुलुंड, बोरिवली, घाटकोपर, कुठल्याही नव्या टॉवरमध्ये जा. फ्लॅट विकताना माहितीपत्रकात त्या सायकलचा फोटो असतो. दोन वर्षांनी तिच्यावर कुणाची तरी ओली छत्री वाळत असते. तिथे मालक नाही, ट्रेनर नाही, आणि दोनशे घरं एकमेकांकडे बोट दाखवतात. वार्षिक सभेत पार्किंगवर तीन तास भांडता, जिमच्या देखभालीचा विषय चहा यायच्या आत संपवता. कमिटीनं एका माणसाचं नाव ठरवा आणि पाने दाराशी अडकवा. आठवड्याला एक घर, पाळीनं. अंधेरीचं शहाजीराजे क्रीडा संकुल किंवा मुलुंडचं प्रियदर्शिनी संकुल, तिथे तर सगळ्या मुंबईच्या करदात्यांचा पैसा आहे. तिथलं काहीही ओलं सोडून जाताना आपण आपल्याच खिशातलं बिघडवतोय हे लक्षात ठेवा.

मी कठोर बोलते असं तुम्ही माझ्या मागे म्हणता. म्हणा. सत्तरी पार केलेली माणसं सकाळी अकराला इथे येतात, डॉक्टरनं सांगितलं म्हणून, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर. ती घाबरत घाबरत सायकलवर चढतात. सीट घसरली तर त्यांना तोल सावरता येत नाही. घरी बसून राहायचं की इथे यायचं, याचा निर्णय ती रोज नव्यानं घेतात. तो निर्णय ओल्या हँडलनं आणि डुलणाऱ्या फ्रेमनं तुम्ही बिघडवू नका. मला याची काळजी आहे, म्हणून बोलते, आणि बोलत राहीन.

उद्यापासून नॅपकिन नसेल त्याला सायकल मिळणार नाही. दारात मी उभी असेन. विसरला तर घरी जाऊन घेऊन या. एकदा परत गेलात की पुन्हा विसरणार नाही. ट्रेनरांनी बॅचच्या दहा मिनिटं आधी यायचं, प्रत्येक सायकलवर बसायचं, नॉब दाबून बघायचा, पेडल हातानं हलवून बघायचं, वहीत सही करायची. वही माझ्याकडे.

आता चार नंबरची सायकल भिंतीपासून बाहेर ओढा. १५ नंबरचा पाना कुणाकडे आहे? कुणाकडेच नाही? खाली हार्डवेअरचं दुकान साडेनऊला उघडतं, दोन पाने घेऊन ये, पावती मालकांच्या नावानं कर. तोवर बाकीच्यांनी सीटचा दांडा बाहेर काढा. निघत नाही? गंजानं धरलाय. जोर लावू नका, वाकेल. तू फ्रेम घट्ट धर, तू दांडा डावीकडे-उजवीकडे थोडा थोडा फिरव. हं. अजून थोडा. आला. आता तो सगळ्यांनी हातात घेऊन बघा.